काकांची चिठ्ठीही डब्यात टाका

"ताई, आमच्या सोसायटीत आम्ही नऊ जण पुस्तक-भिशी चालवतो. महिन्याला प्रत्येकी 200 रुपये, चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांतून पुस्तकं आणायची, आणि दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी बसून वाचलेल्यावर बोलायचं. या वर्षी फक्त रहस्यकथा आणि थरारकथा वाचायच्या असं ठरलं. गंमत येईल असं वाटलं होतं, झालं भलतंच. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. दर वेळी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, 'मला तर पन्नासाव्या पानावरच कळलं होतं.' मागच्या महिन्यात अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' होती. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलाची परीक्षा, यात माझी दीडशेच पानं झाली होती. माझं व्हायचंय असं मी आल्या आल्या सांगितलं होतं. काकांनी चहाचा कप हातात घेतला आणि खुन्याचं नाव सांगून टाकलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'काका, तुम्हाला पुस्तक कळतच नाही, नुसतं उत्तर कळतं.' ते चहा तसाच ठेवून उठले. आता ग्रुपवर 'प्रकृतीच्या कारणास्तव काही महिने येऊ शकणार नाही' असा मेसेज आहे. बाकीचे म्हणतात, शेवट सांगायचा नाही असा नियमच करून टाकू. पण शेवट वगळला की 'छान होती', 'खिळवून ठेवते' यापुढे कुणाची गाडी जात नाही. एक मावशी म्हणतात, यावर बोलण्यासारखं असतंच काय, हे काय साहित्य आहे? मी माफी मागू का? आणि या पुस्तकांवर बोलायचं तरी कसं?
— अर्ध्यावर अडकलेली, डोंबिवली"

तुमचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. वाक्य फक्कड आहे, आणि म्हणूनच काकांना लागलं. साधं 'काय हो काका!' म्हणाला असतात तर त्यांनी जीभ चावली असती आणि चिवड्याची बशी पुढे ओढली असती. तुम्ही चारचौघांत त्यांच्या वर्मावर बोट ठेवलंत. तेव्हा माफी मागायची, पण कशाची मागायची ते शेवटी बघू. काकांची चूक पुसून टाकायचं काही कारण नाही. स्वतःच्या पानातलं कुणी आधी गोड खावं, कुणी शेवटी, ते ज्याचं त्याने बघावं. दुसऱ्याच्या पानातला लाडू उष्टा करू नये, एवढं पंगतीत बसणाऱ्याला कळायला हवं.

हे मी फार सोवळेपणाने सांगतेय असं समजू नका. मी बावीस वर्षं एका सार्वजनिक वाचनालयाच्या काउंटरवर बसले. रहस्यकथांचं कपाट माझ्या डाव्या हाताला होतं. त्या पुस्तकांची दशा तुम्हाला सांगते. बांधणी दोन-दोनदा केलेली, पुठ्ठा जाड, कोपरे तेलकट. आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या पानावर, कुठल्या तरी पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून बाजूला लिहिलेलं असायचं: 'हाच तो!' कधी नुसती फुली. एका महाभागाने तर पात्रांच्या यादीतल्या प्रत्येकासमोर 'नाही, नाही, नाही, होय' असं लिहून ठेवलं होतं. पुस्तक परत आलं की मी आधी पहिली पाच पानं चाळायची आणि खोडरबर चालवायची. शेवटची पानं फाडून नेणारेही भेटले, पण त्यांच्याबद्दल मला तेवढा राग नाही. पान नाही हे निदान लगेच कळतं तरी.

आणि तरीही एकदा मीच माती खाल्ली. एक बाई दर शनिवारी यायच्या. त्यांच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं आणि रात्री सोबतीला थांबायची पाळी या बाईंची असायची. जागायला काहीतरी हवं म्हणून त्या रहस्यकथा न्यायच्या. मी शिक्का मारता मारता, अगदी प्रेमाने, म्हणाले, "मस्त आहे हो, फक्त त्या डॉक्टरवर लक्ष ठेवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुस्तक हळूच काउंटरवर परत ठेवलं आणि पाककृतींचं एक पुस्तक घेऊन गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दवाखान्यातल्या त्या खुर्चीत बसून रात्री दोन वाजता त्यांनी अळूवडीची कृती वाचली असेल, हे माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. मी त्यांची एक रात्र घालवली आणि का? तर मला ठाऊक आहे हे त्यांना कळावं म्हणून. काकांचंही तेच झालं. म्हणून त्यांना खलनायक करू नका.

शेवट आधी कळल्याने मजा जाते की नाही, यावर वाद आहे. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान वाचायचे. विचारलं तर म्हणाले, "बाई, मला बीपी आहे. कोण मरणार ते माहीत नसलं की झोप लागत नाही." ते मग निवांत पहिल्या पानापासून वाचायचे आणि माझ्याहून बारकाईने वाचायचे. 2011 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना बारा कथा देऊन पाहिल्या, त्यांत रहस्यकथाही होत्या. ज्यांना शेवट आधी सांगितला होता, त्यांना कथा उलट थोड्या जास्तच आवडल्या. हे काकांना कळलं तर ते कात्रण घेऊन येतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. त्या लघुकथा होत्या, वाचक दीडशे पानं चालून आलेले नव्हते, आणि दवाखान्यातल्या खुर्चीत तर नक्कीच नव्हते. मास्तरांनी स्वतःचं शेवटचं पान स्वतः उघडलं होतं, एवढा फरक माझ्या लेखी पुरेसा आहे.

लंडनमध्ये ख्रिस्तीबाईंचंच 'द माउसट्रॅप' हे नाटक 1952 पासून चालू आहे. 2020 मध्ये करोनामुळे थांबलं, पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहिलं. प्रयोग संपला की रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती होते, खुनी कोण ते बाहेर सांगू नका, आता तुम्हीही कटात सामील आहात. ही विनंती मला नियमापेक्षा जास्त आवडते. 'शेवट सांगायचा नाही' असा फळा लावलात तर तो काकांसाठी लावलाय हे सोसायटीतल्या कुत्र्यालाही कळेल. 'आपण सगळे कटात आहोत' म्हटलं तर काका कटात पहिले.

आता तुमचा खरा प्रश्न. शेवट काढला तर उरतं काय?

माझं मत विचाराल तर रहस्यकथेवर बोलायला लागतं ते खुन्याच्या नावाच्या अलीकडेच. तुमच्या भिशीत लोक पुस्तकाबद्दल बोलत नाहीयेत, ते परीक्षेचा निकाल सांगताहेत. 'मला कळलं', 'मला नाही कळलं'. यातलं पहिलं वाक्य बढाई आणि दुसरं शरमेने पुटपुटलेलं. ज्याला नाही कळलं तो गप्प बसतो, आणि सांगण्यासारखं खरं तर त्याच्याकडेच असतं. तो फसला. कुठे फसला? कोणत्या वाक्याने? कुणावर विश्वास टाकला म्हणून? हे सांगायला लागला की पुस्तक खोलीत येऊन बसतं.

काकांच्या 'कळलं होतं'चीही थोडी तपासणी करूया. तुम्ही डोंबिवलीच्या, म्हणजे सकाळच्या लोकलमध्ये ठाण्याला कोण उतरणार हे तुम्हाला न विचारता कळतं. बाईने बॅग मांडीवरून खांद्याला घेतली, फोन पर्समध्ये टाकला, की तुम्ही तिच्या सीटजवळ सरकता. हे कसब आहे, पण तेवढ्याने त्या बाईबद्दल तुम्हाला काही कळलं असं होत नाही. रहस्यकथेचे जुने वाचक असंच ओळखतात. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही तो, जो फारच मदत करतोय तो, ज्याला लेखकाने उगाच एक प्रकरण दिलंय तो. पन्नासाव्या पानावर काकांना जे कळलं ते बहुधा एवढंच. वाईट नाही, पण तो पुराव्याशिवायचा अंदाज आहे. पुढच्या वेळी तुम्ही फक्त एवढं विचारा, "काका, कशावरून?" आणि मनापासून विचारा. खरंच एखादं वाक्य हेरलं असेल तर ते ऐकण्यासारखं असेल. नसेल तर त्यांचं त्यांनाच उमगेल.

वाक्य हेरणं म्हणजे काय, ते इथेच करून बघा. समजा, एका कादंबरीत मे महिन्यात दुपारी चार वाजता पोलीस एका फ्लॅटमध्ये शिरतात. स्वयंपाकघराचं वर्णन असं: 'ओट्यावर दोन कप होते, बशी एकच. दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं, खिडकीच्या गजावर ओलं फडकं, आणि मिक्सरच्या भांड्याखाली दाबून ठेवलेलं विजेचं बिल.' इथे नऊपैकी सात जण दोन कप आणि एका बशीकडे बघणार. दुसरा माणूस कोण आला होता? उरलेले दोघे विजेच्या बिलाकडे, कारण ते शेवटी आलंय आणि जरा विचित्र ठिकाणी आहे. लेखकाला हेच हवं होतं. पुढे चाळीस पानांनी कळतं की कामवाल्या बाई सकाळी आठलाच येऊन गेल्या. मग मे महिन्यात गजावरचं फडकं चार वाजता ओलं कसं? कुणीतरी तासाभरापूर्वीच काहीतरी पुसलंय. वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण यादीच्या मधोमध ठेवलं की डोळा त्यावरून घसरतो. कधी असा धागा विनोदात लपवतात, कधी ज्या पात्राला आपण महत्त्वच देत नाही अशा बडबड्या शेजारणीच्या तोंडी घालतात. 'मी दोन कपांकडे बघत बसले आणि फडकं निसटलं' हे तुमच्या भिशीत कुणी म्हणालं की समजा गाडी रुळावर आली.

आणि मग पुढचा प्रश्न येतो, लेखक सरळ खेळला का? यावर शंभर वर्षं भांडणं चालू आहेत आणि तुमच्या हातातलं पुस्तक त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या भांडणाचं कारण आहे. 1926 साली 'अ‍ॅक्रॉइड' आलं. निवृत्त होऊन खेड्यात भोपळे लावायला गेलेला ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर एर्क्यूल प्वारो त्यात आहे, हे तुम्ही वाचलंच आहे. पुस्तक निघाल्यावर एक गट म्हणाला की ही वाचकाची शुद्ध फसवणूक आहे, दुसरा म्हणाला की बाईंनी सगळं समोर ठेवलं होतं, तुम्ही नीट वाचलं नाहीत तर दोष तुमचा. भांडणाचा नेमका मुद्दा मी इथे लिहिणार नाही. हे सदर वाचणाऱ्या कुणाचं तरी पुस्तक अजून व्हायचं असेल, आणि अळूवडी एकदा पुरे झाली. पुढे 2013 मध्ये ब्रिटनच्या गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेने सभासदांची मतं घेतली, तेव्हा आजवरची सर्वोत्तम गुन्हेकथा म्हणून हीच निवडली गेली. फसवणूक म्हणणारे तरीही संपलेले नाहीत, आणि मला त्यांचाही मुद्दा पटतो.

असल्याच भांडणांतून नियम आले. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका कॅथलिक धर्मगुरूने, तेही रहस्यकथा लिहायचे, 1929 साली दहा नियम काढले. भुताखेतांना मज्जाव, चोरवाट एकापेक्षा जास्त नको, आणि जुळा भाऊ आणायचा तर वाचकाला आधी त्याची चाहूल हवी. आपल्या हिंदी सिनेमाचं निम्मं दुकान याने बंद झालं असतं. 1930 मध्ये लंडनला रहस्यकथा-लेखकांनी 'डिटेक्शन क्लब' काढला, त्यात शिरताना शपथ घ्यावी लागे की महत्त्वाचा धागा वाचकापासून दडवणार नाही. शपथ निम्मी थट्टेची होती, पण मोजपट्टी म्हणून अजून चालते. पुस्तक संपल्यावर भिशीत एवढं विचारा: धागा आपल्यासमोर होता का, की शेवटच्या प्रकरणात खिशातून काढला? यावर तासभर बोलता येतं आणि खुन्याचं नाव एकदाही घ्यावं लागत नाही.

तुमच्या मावशींना एक गोष्ट सांगा. एडमंड विल्सन हा अमेरिकेतला मोठा समीक्षक. त्याने 1944 मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलं की लोक रहस्यकथा का वाचतात हे मला कळत नाही. वाचकांची रागावलेली पत्रं आली. तुम्ही चुकीची पुस्तकं निवडलीत, ही वाचा, ती वाचा. त्याने त्यातली काही वाचली आणि 1945 च्या जानेवारीत दुसरा लेख लिहिला. त्याचं शीर्षक साधारण असं होतं: रॉजर अ‍ॅक्रॉइडला कुणी का मारेना, कुणाला पडलंय? म्हणजे मावशी एकट्या नाहीत, चांगल्या संगतीत आहेत. पण एवढ्या मोठ्या माणसाने 'मला यात रस नाही' हे सांगायला दोन लेख खर्ची घातले, हेही त्यांना सांगा. मावशींना भिशीतून काढू नका. चहा थंड होईपर्यंत भांडणारं एक माणूस हवंच.

एक गोष्ट मात्र सांभाळा. सगळी रहस्यकथा एकाच फूटपट्टीने मोजू नका. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या. 2005 सालची. तिच्यात खून पहिल्याच प्रकरणात आपल्या डोळ्यांदेखत होतो, कोणी केला हेही आपण बघतो, आणि शेजारच्या घरातला गणिताचा शिक्षक मदतीला येतो. आता पन्नासाव्या पानावर कळायचं काय राहिलं? तरी पुस्तक खाली ठेववत नाही. तिला जपानमधला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला, आणि त्याच वेळी तिथल्या लेखक-समीक्षकांत जुंपली की ही 'होनकाकू' आहे की नाही, म्हणजे वाचकासमोर सगळे धागे ठेवून खेळलेली अस्सल रहस्यकथा म्हणावी की नाही. हे पुस्तक काकांना मुद्दाम द्या. त्यांचं पहिलं वाक्य त्यांना वापरताच येणार नाही, आणि ते काय बोलतात हे ऐकायला मी डोंबिवलीला यायला तयार आहे.

आपल्याकडचे बाबुराव अर्नाळकर मोजायचे तर पट्टी आणखी वेगळी. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार किंवा काळापहाड या त्यांच्या नायकांच्या गोष्टी वाचताना 'खुनी कोण' हे कुणी विचारत नव्हतं. 'आता हा सुटतो कसा' हा प्रश्न होता. एका बैठकीत संपवायचं आणि दुसरं आणायचं. सुहास शिरवळकरांकडे आलं की चव बदलते. त्यांचा वकील अमर विश्वास कोर्टात उभा राहिला की आपण संवाद ऐकतो, आणि दारा बुलंद आला की घोड्यावर बसून निघतो. एकाच लेखकाच्या दोन नायकांना दोन वेगळे वाचक असतात, हे मी काउंटरवरून पाहिलंय. 'धागे कच्चे आहेत' हा शेरा अर्नाळकरांवर मारणं म्हणजे वडापावमध्ये केशर नाही अशी तक्रार करणं. उलट, धागे गुंफायचं वचन देणाऱ्या जाडजूड इंग्रजी थरारकथेने शेवटच्या तीस पानांत गडबडगुंडा केला तर खुशाल बोला. मी हल्ली जे थरार वाचते त्यांतल्या निम्म्यांची गत तीच आहे. सुरुवात अशी की भाजी करपते, आणि शेवटी कुणीतरी बंदूक रोखून अडीच पानं स्वतःचं बालपण सांगत बसतं.

आता डबा. भिशी आहे म्हणजे चिठ्ठ्यांचा डबा तुमच्याकडे असेलच, तोच वापरायचा. ही कल्पना माझी नाही. ब्रुकलिनमधल्या दोन मावसभावांनी 1929 पासून 'एलरी क्वीन' या नावाने रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांत शेवटाच्या थोडं आधी गोष्ट थांबते आणि लेखक वाचकाला आव्हान देतो की लागणारी सगळी माहिती आता तुमच्याकडे आहे, उत्तर काढा बघू. तुम्ही हा थांबा स्वतः घाला. महिन्याचं पुस्तक एकाने आधी पूर्ण वाचायचं आणि बाकीच्यांना थांबायचं पान सांगायचं. तिथे प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची. संशय कुणावर, आणि त्याखाली तो पान क्रमांक, जिथल्या वाक्याने संशय आला. पान क्रमांकाशिवाय चिठ्ठी बाद. ज्याचा संशयच नसेल त्याने 'माझा सगळ्यांवर विश्वास आहे' असं लिहावं, तीही चिठ्ठीच. घडी घालून डब्यात. मग पुढचं वाचा.

शनिवारी बसलात की आधी चहा, मग हात वर करून विचारायचं, कुणाचं व्हायचंय? एकाचं जरी राहिलं असेल तर डबा उघडायचा नाही. त्या दिवशी फक्त थांब्यापर्यंतच्या गोष्टीवर बोलायचं. गाव कसं उभं केलंय, तपास करणारा माणूस घरी जेवायला येईल तर आवडेल का, दुसऱ्या खुनाची गरज होती का, नोकरमाणसं खरी वाटतात की नुसती दार उघडायला ठेवलीत. सगळ्यांचं झालं असेल तर चिठ्ठ्या उघडा, आणि सुरुवात सगळ्यात जास्त चुकलेल्या चिठ्ठीपासून करा. ज्याने सपशेल चुकीच्या माणसाला पकडलं, त्याला पहिला मान. तो कसा घसरला हे त्याने सांगायचं. बरोबर ओळखणाऱ्याची पाळी शेवटी, आणि त्याला प्रश्न एकच, कशावरून.

डबा काकांकडे ठेवायला द्या. बँकेत तिजोरीच्या चाव्या दोघांकडे असतात, एकट्याला ती उघडता येत नाही, हे त्यांना तुमच्याहून चांगलं ठाऊक आहे. एक कुलूप त्यांचं, एक मावशींचं. तीस-पस्तीस वर्षं हिशेबाला हिशेब लावलेल्या माणसाला अशा कामात अपमान वाटत नाही, आणि पान क्रमांकाची अट तर त्यांना इतकी आवडेल की ते वहीत नोंदी ठेवू लागतील. नोंदींतून पाचवा-सहावा महिना येईपर्यंत दिसेलच, पन्नासाव्या पानाचं काय ते.

माफीचं आता. ग्रुपवर मागू नका. ग्रुपवरच्या माफीला आठ अंगठे आणि दोन हात जोडलेले येतात, आणि ज्याची मागायची तो वाचून फोन उलटा ठेवतो. संध्याकाळी त्यांच्या घरी जा. 'मी चुकले' एवढं मोघम म्हणू नका, तुम्ही पूर्ण चुकलेला नाहीत. "सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं" एवढं म्हणा आणि थांबा. पुढची जागा त्यांची आहे. "मीही सांगायला नको होतं" असं ते म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तरी त्यावर अडून बसू नका. 'अ‍ॅक्रॉइड' सोबत न्या, दीडशेव्या पानावर खूण घालून, आणि विचारा, "यात तुम्हाला पहिल्यांदा शंका कुठे आली ते दाखवता?" पुस्तक त्यांच्या हातात दिलं की माणूस बोलतो. चहा या वेळी त्यांच्याकडे होईल, तो पूर्ण पिऊनच उठा.

आणि उरलेलं पुस्तक वाचा. उत्तर ठाऊक असल्याने ते वाया गेलं असं समजू नका, निदान हे पुस्तक तरी. हातमागाची पैठणी घेताना जाणती बाई आधी पदर उलटा करून बघते. अस्सल असेल तर मागची नक्षी पुढच्यासारखीच साफ असते, यंत्रावरची असेल तर मागे दोरे लोंबतात. तुमच्या हातात आता हा उलटा केलेला पदर आहे. पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करा आणि दोरे शोधा. ज्या वाक्यांवरून तुम्ही आधी सरळ निघून गेलात, त्यांतली काही अशी आहेत की ती पुन्हा वाचताना मी वाचनालयात, काउंटरवर, एकटीच मोठ्याने हसले होते. तुम्हाला कोणती सापडतात ते पान क्रमांकासकट मला कळवा. बाकी आठ जणांना मात्र नाही.

चिठ्ठ्या पेनाने लिहायला सांगा. पेन्सिल खोडता येते, आणि काका बँकेतले आहेत.